खांबाला कोण विचारतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. घरात नाही, शाळेच्या ग्राउंडच्या कडेला, सिमेंटच्या पायरीवर बसून. तारा मांडीवर पातेलं घेऊन बसली होती, मी पिशवी धरून. हिवाळा लागला आणि शाळेतून खो-खोची शिट्टी ऐकू यायला लागली की माझ्या बायकोला घर खायला उठायचं. मग हाताशी असेल ते काम उचलून ती ग्राउंडवर यायची. मेथी, मटार, एकदा तर गहू निवडायचं सूपसुद्धा.

"हे घरी बसून व्हत न्हाई का?" मी दरवर्षी विचारायचो.

"घरी खांब हाय का?" ती दरवर्षी म्हणायची. "म्हणजे हाय एक. पर त्याच्याभोवती पळायला कोण तयार हाय?"

तो खांब म्हणजे मी. ते पुढं सांगतो.

त्या दिवशी पलीकडच्या टोकाला रत्ना आली. अंगात स्वेटर, हातात काठी. दोघींच्या मधे सगळं ग्राउंड, आणि त्यात पळणाऱ्या पोरी. तारानं एक शेंग फोडली आणि तशीच हातात धरून बसली, दाणे काढलेच नाहीत. खेळ संपला, पोरी आपापली दप्तरं शोधायला लागल्या. तेव्हा रत्नानं दरवर्षी करायची तेच केलं. आमच्याकडं पाठ केली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग काठी टेकत निघून गेली.

"चला," तारा म्हणाली. "आमटी टाकायची हाय. निम्मे मटार तर तुमीच खाल्ले."

दिवेलागणीला ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, भिंतीला टेकून बसली, आणि बसलेलीच राहिली. गॅसवर आमटी उकळत होती. मी गॅस आधी बंद केला का तिला आधी हाक मारली, ते आठवत नाही.

आता पुन्हा हिवाळा आलाय. पुन्हा ती शिट्टी. मी खिडकी लावून घेतो, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा उघडतो. शेजारी एक निवृत्त साहेब राहतात, ते म्हणतात, "काका, दुःख वाहून जाऊ द्या." अहो साहेब, दुःखाचं मी बघतो. रागाचं काय करू ते सांगा. दहाव्याला आलेली प्रत्येक बाई मला म्हणाली, "भाग्याची हो, अहेव गेली, कपाळाला कुंकू लावून गेली." कुंकू! तिच्या आयुष्यातून काय काय पुसून टाकलं ते कुणी बघितलं नाही, आणि कपाळावरचं तेवढं राहिलं म्हणून भाग्याची.

मी सातवीत शाळा सोडली. मला नटवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो. वाचणाऱ्याला टोचलं तर टोचू दे.

तळवड्यात आता जिथं काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी टपरीवर चहा पितात, तिथं तेव्हा ज्वारी होती. निम्मी ज्वारी, निम्मे पत्र्याचे शेड. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. लोकांची शेतावरची नजर उडाली होती आणि कंपनीवर बसली होती. सकाळी इंद्रायणीवरून धुकं यायचं, त्यात कुठल्या तरी कंपनीचा भोंगा वाजायचा, आणि धुक्यातून सायकली निघायच्या, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकलेल्या. हवेला हुरड्याचा वास आणि त्यातच ऑइलचा. मी विशीचा होतो. भोसरीला एका शेडमध्ये लेथवर हेल्पर होतो. आई-बाप लहानपणीच गेले, चुलत्याच्या घरी पडेल ते काम करून राहायचो. हायस्कूलच्या खेळाच्या सरांनी मला एक काम लावून दिलं होतं. दिवाळी झाली की खो-खोच्या मैदानाचे दोन खांब पुरायचे. बाभळीचे खांब, सुताराकडून रंधा मारून आणायचे, खड्डा खणून त्यात दगड-मुरूम घालून असे ठोकायचे की पळत आलेल्या पोरीनं धरून गर्रकन वळलं तरी हलता कामा नये. मग वरून करडईचं तेल चोळायचं, हाताला सल लागू नये म्हणून. पोरी मला खांबवाले भाऊ म्हणायच्या. तारासुद्धा. लग्नानंतर महिनाभर तिच्या तोंडून तेच निघायचं, आणि मग ती जीभ चावायची.

ज्याला हा खेळ माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या आठ पोरी दोन खांबांच्या मधे एका ओळीत बसतात. एकीचं तोंड इकडं, तर शेजारणीचं तिकडं. नववी पळते. पळणारीला दिशा बदलता येत नाही. मग ती बसलेल्या पोरीच्या मागं येते, तिच्या पाठीला हात लावते आणि मोठ्यानं म्हणते, 'खो'. हात आणि आवाज एकदमच. तसा खो मिळाला की बसलेली उठते आणि वाऱ्यासारखी सुटते. पळणारी तिच्या जागेवर बसते. खो मिळाल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. पाठीमागं कोण येतंय ते तिला दिसत नाही. ती फक्त वाट बघते.

तारा आणि रत्ना दोघी अकरावीला. कायम शेजारशेजारच्या जागेवर बसायच्या.

तारा गावातल्या जुन्या घरातली, बापाची सोळा एकर. रत्ना नांदेडकडून आलेली. तिचा बाप पिंपरीत औषधाच्या कंपनीत होता, गावाच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहायचे, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. रत्नाची भाषा वेगळी. करतेय म्हणायच्या जागी 'मी करूलाले' म्हणायची आणि सगळा वर्ग हसायचा. तारा हसली नाही, तिनं ती भाषा उचलली. घरी जाऊन बापाला म्हणाली, "मी अभ्यास करूलाले," तर बाप बघतच राहिला.

रत्नाचा बाप कंपनीच्या कँटीनमधून पाव आणायचा. रत्ना तो वर्तमानपत्रात गुंडाळून ग्राउंडवर आणायची, तारा भाकरी आणि ठेचा. अदलाबदल व्हायची. ताराला भाकरीचा कंटाळा आणि रत्नाला पावाचा, असं दोघी सांगायच्या. खोटं होतं. आमच्या घरात तारा उभ्या जन्मात पावाला शिवली नाही, म्हणायची, "कापूस चावल्यासारखं लागतं." मग तेव्हा कशी खात होतीस? तर हसायची.

ग्राउंडची माती खरबरीत. गुडघे फुटायचे. ताराचा गुडघा फुटला की रत्ना बांधावरून दगडी पाला तोडून आणायची, तळहातावर चुरायची, रस पिळायची आणि वरून फुंकर घालायची. मी तिकडं खांबाला तेल लावत असायचो. गुडघा सगळ्यांचाच फुटायचा, पण फुंकर तेवढी एकाच गुडघ्याला. हे मला तेव्हाच दिसलं होतं. मला त्यात वाईट काही दिसलं नाही, विशेषही काही दिसलं नाही. पारिजातक रात्री फुलतो हे दिसतं तसं दिसलं. सराव संपला की दोघी खांबाजवळ पाठीला पाठ लावून बसायच्या आणि बीजगणित पाठ करायच्या. एक म्हणायची, दुसरी चुका काढायची. थंडी असायची. म्हातारपणी तारा कधी कधी पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "भिंत लई गार हाय हो." मी मागं उशी द्यायचो. मला कळायचं ती कशाबद्दल बोलतेय. पण उशीशिवाय माझ्याकडं दुसरं काय होतं?

ताराच्या घरी रत्नाला पाणी द्यायचा पेला वेगळा होता. गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला. तारा एक दिवस उठली आणि स्वतः त्याच पेल्यानं पाणी प्यायला लागली. आईनं मारलं. तारा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पेल्यानं प्याली.

सामना जिल्ह्याचा होता. पिंपरीच्या एका कॉलनीच्या मैदानावर. गावातून ट्रक भरून माणसं आली होती, ताराचा बाप पुढच्या रांगेत, पटका बांधून. मी पाण्याच्या कळशा सांभाळायला होतो. शेवटचा डाव. समोरच्या संघाची एकच पोरगी मैदानात उरलेली, ती बाद झाली की आम्ही जिंकलो. वेळ संपत आलेली. रत्ना पळत होती. ती समोरची पोरगी हूल देऊन ताराच्या पुढ्यातच आली. हात लांब केला की मिळेल एवढ्यावर. रत्ना ताराच्या मागं पोचली, पाठीवर हात टाकला, आणि ओरडली.

'खो' म्हणायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "तारा!"

तारा उठली, झेपावली, ती पोरगी बाद झाली, आणि पंचानं शिट्टी वाजवली. फाउल. खो म्हटलंच नाही, तर बाद कशी? पुन्हा पळेपर्यंत वेळ संपली. हरलो.

सामने लोक हरतात, विसरतात. पण ती हाक सगळ्या मैदानानं ऐकली होती. आता ती कशी होती ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो, त्यानंतर सारा जन्म मी त्याच बाईला त्याच नावानं हाक मारली. चहासाठी मारली, भांडताना मारली, बाळंतपणाच्या खोलीबाहेरून मारली. तशी हाक मला एकदासुद्धा जमली नाही.

रत्ना मैदानातच खाली बसली आणि रडायला लागली. तारा गेली, सगळ्यांच्या देखत तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "हरलो तर हरलो. रडू नको. ए, बघ माझ्याकडं." तेवढंच. त्याच्यापुढं एक अक्षर नाही.

सर आले. पोरींपुढं मोठ्यानं म्हणाले, "काय गं, ग्राउंडवर प्रेमपत्र वाचतेस का? खो म्हणता येत नाही?" पोरी हसल्या. मागं पुरुष हसले. त्या हसण्यात मी ताराच्या बापाचं तोंड बघितलं. पटक्याखालचं तोंड. तो हसत नव्हता.

त्या सरांना मी नंतर किती वेळा रस्त्यात भेटलो असेन. सायकलवरून उतरून रामराम घालायचे. त्यांना आठवतही नसेल. त्यांचं एक वाक्य बोलून झालं, आणि इकडं दोन पोरींची आयुष्यं खड्ड्यात गेली. खड्डा खणायला मला निदान अर्धा दिवस लागायचा.

त्या आठवड्यात दोघींची शाळा सुटली. गाव काय बोलत होतं? गाव म्हणत होतं, त्या वस्तीतल्या पोरीच्या नादी लागली. जातीचं नाव घ्यायला कुणाला लाज वाटली नाही, कारण ते नाव तोंडात तयारच असतं. दुसऱ्या गोष्टीला त्यांच्याकडं नाव नव्हतं, म्हणून ती न बोलता चिरडली. आता तिला नाव आहे म्हणे. पोरं झेंडे घेऊन पुण्यात रस्त्यानं चालतात, माझी नात मला फोनवर दाखवते. चांगलं आहे. मला त्यांचाही राग येतो. एवढा उशीर का केलात म्हणून येतो. त्यांची यात काही चूक नाही, तेही कळतं. पण राग विचारून येत नाही.

रत्नाचा बाप युनियनचा माणूस, जयंतीला समतेवर भाषण करायचा. त्यानं पोरीला मारलं नाही. तिची पेटी बांधली आणि म्हणाला, "बाई, आम्हाला हे लोक तसंही जगू देत नाहीत, त्यात हे कुठं निस्तरू?" तिला नांदेडला आत्याकडं पाठवली. त्या माणसाचा राग करायला जातो तर मला तो पुरता करता येत नाही. ताराच्या बापाचा पुरेपूर येतो. तो मेला तेव्हा मी खांदा दिला, आणि खांदा देतानासुद्धा येत होता.

त्यानं काय केलं ते ऐका. ताराला देवघरापुढं बसवलं. ताटात बेल आणि भंडारा. शेजारी तिचा धाकटा भाऊ बबन, पाच वर्षांचा, गालात लिमलेटची गोळी. आमच्याकडं बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. बाप म्हणाला, "उचल. म्हण, रत्नाशी जन्मात एक शब्द बोलणार न्हाई. बोलले तर ह्या माझ्या भावाचं वाईट व्हईल." तारानं बबनकडं बघितलं. त्यानं तिला गोळी दाखवली, जिभेवर धरून. तिनं भंडारा उचलला.

देवाला कशाला ओढलं त्यात? खंडोबा काय पोरी वेगळ्या करत बसलाय? तो स्वतः धनगराच्या बानूसाठी घरदार सोडून गेला. त्याच्या हळदीनं ह्यांनी पोरीचं तोंड शिवलं.

मग घाई. पोरगी उजवायची, फार चौकशी करणारा नको, मागंपुढं कुणी नसलेला हवा. मी सापडलो. चुलत्याला विचारलं, चुलता हो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. तिला तर नाहीच.

लग्नानंतर चार-दोन दिवसांनी ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तुमाला फसवायचं न्हाई. माझं मन दुसरीकडं हाय."

मी म्हणालो, "ठाव हाय. मी तिथंच व्हतो, कळशीपाशी."

मग म्हणाली, "मंग बोहल्यावर कशाला उभं ऱ्हायलात?"

"खांबाला कोण विचारतं?" मी म्हणालो.

तिला हसू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यावर आमचा संसार उभा राहिला, आणि चांगला राहिला, हे कुणाला खरं वाटणार नाही. आम्ही भांडलो, एक पोरगी वाढवली, कंपनी बंद पडली तेव्हा तिनं खानावळ चालवली. ती माझं माणूस होती. पण मला जे मिळालं ते तिच्याकडून ओरबाडून घेऊन मला दिलेलं होतं, आणि ते मी जन्मभर वापरलं. ह्याचा राग मी कुणावर काढू?

आमची मंजू शाळेत खो-खो खेळायला लागली, तेव्हा तिचा पहिला सामना बघायला आम्ही गेलो. पलीकडच्या खांबापाशी औषधाची पेटी घेऊन एक नर्स उभी होती. रत्ना. नर्सिंग शिकून पिंपरीला परत आली होती, लग्न केलेलं नव्हतं. तारा पायरीवर मटकन बसली. मी म्हणालो, "जा." ती म्हणाली, "भंडारा उचललाय." मी म्हणालो, "तू नको बोलू, मी बोलतो, तुझा निरोप सांगतो." तर म्हणाली, "सबूद माझाच व्हईल की तो. आन् बबन्याला काय झालं म्हंजे?"

रत्नानं भंडारा उचलला नव्हता, तिचा तसल्या गोष्टींवर विश्वासही नव्हता. ती चालत येऊन बोलू शकली असती. पण ती बोलली तर ताराला उत्तर द्यावं लागेल, हे तिला कळत होतं. म्हणून ती आली नाही. जाताना फक्त आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, रागावली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. कधी तरी एकदा बसलेल्या पोरींच्या रांगेकडं बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाठ करून ती खोची वाट बघत होती.

आणि माझी बायको मेथी निवडत बसली होती.

मी एकदा भडकलो. भर ग्राउंडवर म्हणालो, "अगं, तो बबन्या आता रेड्याएवढा झालाय. जमिनी विकून गाड्या उडवतोय, रोज संध्याकाळी ढाब्यावर बसतोय. त्याचं वाईट तो स्वतः करून घ्यायलाय, तू कशाला जीव जाळतेस?" तारा म्हणाली, "त्यानं गोळी दाखवली व्हती मला. जिभेवर धरून. त्याला काय ठाव व्हतं?" मी एक जुडी घेतली आणि देठं मोडायला लागलो.

अशी माणसं होती ही. एक शब्द पाळून मेली, दुसरी तो पाळू देऊन जगली. त्यांना शहाणं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ज्यांनी तो शब्द घ्यायला लावला त्यांच्यात ह्या दोघींच्या नखाची सर नव्हती.

तर तारा गेली. मंजू नाशकाहून यायची होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. घर माणसांनी भरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उठलो, चप्पल घातली आणि बाहेर पडलो. दारात बबन हातात माहेरची हिरवी साडी घेऊन उभा.

"दाजी, ह्या टायमाला कुठं?"

"येतो."

रिक्षा करून पिंपरीला गेलो. रत्नाचं घर मला ठाऊक होतं. ताराला ठाऊक नाही असं तारा दाखवायची, पण बस त्या चौकात आली की ती त्या बाजूची खिडकी धरून बसायची. मी कडी वाजवली. रत्नानं दार उघडलं. मला बघितलं. मी एकटा, बरोबर तारा नाही.

"खांबवाले भाऊ," ती म्हणाली, "गेली का?"

मी मान हलवली. ती आत गेली, पांढरी साडी नेसून आली. कुलूप लावताना तिचा हात थांबला. "मला येऊ देतील का?"

"घर माझं हाय," मी म्हणालो.

रिक्षात ती एकदाच बोलली. "काल शेंग हातात धरून बसली होती. दाणे काढले का नंतर?" मी म्हणालो, "न्हाई." खरं म्हणजे मी बघितलंच नव्हतं.

गेटवर बबन आडवा आला. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. तोंड उतरलं त्याचं. मला बाजूला ओढून म्हणाला, "दाजी, काय करताय? आबांनी भंडारा उचलायला लावला व्हता. माझ्यावर घेतलेला. तुमाला ठाव हाय."

"तुला काय झालं का? उभा हायस की धडधाकट."

"ती बोलली न्हाई म्हणून उभा हाय!"

साठीला टेकलेला माणूस, बोटांत अंगठ्या, आणि डोळ्यांत पाच वर्षांच्या पोराची भीती. म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळं आयुष्य त्याला ठाऊक होतं की बहीण कुणामुळं गप्प आहे. आणि एकदा, एकदा तरी येऊन तो म्हणाला असता, ताई, बोल, मला काही होत नाही!

"बबन्या," मी म्हणालो, "मेलेली माणसं बोलत न्हाईत. आता घाबरू नको."

मागच्या अंगणात बायकांनी साड्यांचा आडोसा धरला होता. तिकडं जायला एकच बोळ. मंजूनं रत्नाला बघितलं, काही विचारलं नाही, हाताला धरून आत नेलं. तिनं आईशेजारी बसून इतके हिवाळे बघितले होते, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. आतून तांब्या बादलीला लागल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. रत्ना म्हणत होती, "सोडा, मी करते. आयुष्यभर हेच केलंय." मग मंजू म्हणाली, "मावशी, पाठ राहिली." बायकांनी ताराला कुशीवर वळवलं असणार.

आणि हाक आली.

"तारा!"

गळा म्हातारा, बसलेला. पण हाक तीच, कॉलनीच्या मैदानावरची. मी मान वर केली. कुणी शिट्टी वाजवतंय का ते बघितलं.

कुणी वाजवली नाही.

आतल्या बायका एकेक करून बोळातून बाहेर आल्या, माझ्याकडं न बघता. मंजूही आली, डोळे पुसत. म्हणाली, "बाबा, ती बसलीय. आईच्या पाठीवर हात ठेवून. उठत नाही." ऊन भिंतीवर चढलं. तिरडी बांधून झाली होती, माणसं घड्याळं बघत होती. भावकीतली एक बाई ओरडली, "त्या बाईला उठवा आता, किती येळ?" दोघे-तिघे बोळाकडं सरकले, बबन सगळ्यांच्या पुढं.

"ती बसलीय," मी म्हणालो. "बसलेल्याला खो मिळाल्याबिगर उठता येत न्हाई. अन् तिला खो देणारी आता ऱ्हायली न्हाई. आपली आपण उठंल तवा उठंल."

बबन माझ्यासमोर उभा राहिला. हातातली हिरवी साडी त्यानं छातीशी धरली होती.

"दाजी," त्यानं विचारलं, "बाजूला व्हता का जरा?"

ताराच्या माहेरातल्या कुणीतरी मला आयुष्यात पहिल्यांदा माझी मर्जी विचारली होती.

"न्हाई," मी म्हणालो.